बाबांना पेलेल अशी लढाई

बाबांचा पाय मोडला त्याच महिन्यात आमच्या घरात कम्प्युटर आला, आणि या दोन्ही गोष्टींकडे बाबांनी एकाच नजरेनं पाहिलं. यामागं कोणाचा तरी हात आहे. पाय मोडला तो कारध्याच्या घाटावर, डोंग्यातून उतरताना. ज्या दगडावर पाय ठेवून ते तीस वर्षं उतरत आले तो दगड त्या दिवशी हलला. पाण्यानं खालची माती जाते, दगड हलतात, हे नदीकाठी जन्मलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आणल्यावर बाबांनी मला पहिलं काम सांगितलं ते हे, की जाऊन पाहा, दगडाखाली सब्बल घातल्याच्या खुणा आहेत का. मी गेले, गुडघाभर पाण्यात वाकून पाहिलं. खुणा नव्हत्या.

"मिटवल्या असतीन," बाबा म्हणाले.

कम्प्युटर दादानं पाठवला. माझा मोठा भाऊ नागपूरला एका कचेरीत शिपाई होता. तिथं नवे कम्प्युटर आले म्हणून जुने कर्मचाऱ्यांना देऊन टाकले, आणि मी भंडाऱ्याला कम्प्युटरच्या क्लासला जाते म्हणून त्यानं तो चादरीत गुंडाळून एसटीनं कारध्याला धाडला. टीव्हीपेक्षा मोठं ते धूड मी आणि मायनं दोघींनी उचलून बाबांच्या खाटेसमोरच्या टेबलावर ठेवलं, कारण भिंतीतला एकमेव प्लग तिथंच होता. "चांगली वस्तू कोनी सोडते का?" बाबांनी विचारलं. "पाह्य, आत काई बसवलं असन." मासेमार सोसायटीचं काही बोलायचं झालं की ते मला त्याच्यावर टॉवेल टाकायला लावत, म्हणजे ऐकू जाणार नाही. आज माझी भाची फोनला प्रश्न विचारते आणि फोन उत्तर देतो, तेव्हा मला तो लाल काठाचा टॉवेल आठवतो. बाबा चुकले होते, पण फक्त काही वर्षांनी.

संशय आमच्या घरात भातासारखा रोज शिजायचा. माय पहाटे टोपली घेऊन पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात मासोळी विकायला जायची आणि परत आली की बाबा विचारायचे, आज कोण भेटलं, त्यानं आधी काय विचारलं, मग काय विचारलं. शिंगाड्याच्या दिवसांत चुलीवर मोठ्या गंजात शिंगाडे उकडत असायचे, काळ्या सालींचा चिखलट गोड वास घरभर असायचा, आणि शेजारीण वाटीभर मागायला आली तर बाबा तिच्या पाठीमागून म्हणायचे, "शिंगाडे घ्याले नाई आली ते. पाहाले आली." काय पाहायला, ते कधी कळलं नाही. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, झिंग्यांची सुकट, वर पुलावरून जाणाऱ्या ट्रकांचा धडाड धडाड आवाज, आणि मधूनच बाबांचं "थांब, हे असं काहून झालं?" अशी आमची जेवणं. मीही त्यातलीच. क्लासमधल्या मुलीनं हसून पाहिलं तरी मी घरी येईपर्यंत विचार करायचे, कशाला हसली.

प्लास्टरचे दिवस सरता सरेनात. माणसं सुरुवातीला भेटायला आली, मग थांबली. बाबांचा खरा विरंगुळा म्हणजे वाघ-बकरी. घाटाच्या पायरीवर कोळशानं पट आखायचा, चार वाघ, वीस बकऱ्या, आणि एकेका डावावर अर्धा दिवस. पण पाच वर्षांपासून त्यांच्याशी खेळायला कोणी बसत नव्हतं. एके दुपारी मी कम्प्युटरवर पत्ते लावत होते. बाबा बराच वेळ मानेखाली उशी घेऊन पाहत राहिले आणि म्हणाले, "यात लढाई नाई का? आपली फौज, त्याची फौज, असं?"

मी म्हटलं, असेल, विचारते.

ज्या बाईला विचारलं तिचं नाव घरात घ्यायची सोय नव्हती. सुनीता माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आमच्याच कारध्याची, आणि भंडाऱ्याच्या त्या क्लासमध्ये शिकवायची. तिचे वडील कवडूकाका आणि माझे बाबा एका डोंग्यातले. एकानं वल्हवायचं, एकानं जाळं टाकायचं, असं लग्नाआधीपासून चाललेलं. पाच वर्षांपूर्वी सोसायटीच्या तलावात सगळ्यांनी मिळून मासे काढायचा दिवस ठरला होता, आणि त्याच्या आधीच कोणीतरी येऊन जाळं ओढून गेलं. बाबा तेव्हा तलावाची राखण पाहायचे. काठावरच्या बाभळीच्या खुंटाला त्यांना जाळ्याचा हातभर तुकडा अडकलेला सापडला. प्रत्येकाची गाठ वेगळी असते, सही असते तशी. बाबांनी भरल्या सभेत तो तुकडा वर धरला आणि म्हणाले, ही कवडूची गाठ आहे. कवडूकाका उभे राहिले, "माई नाई," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. कोणाचाच बाबांवर विश्वास बसला नाही. कवडू चोरी करणार? उलट लोक म्हणाले, सदूला आता सावलीचाही संशय येतो. तेव्हापासून गावात बाबांचं नाव 'संशयी सदू' पडलं आणि आम्हा मुलींना एकमेकींशी बोलायची बंदी झाली.

क्लासमध्ये मात्र बोलावं लागायचं. मी सुनीताला विचारलं, युद्धाचा एखादा खेळ आहे का, घरी कोणाला तरी पाहिजे. 'कोणाला तरी' म्हणजे कोण, ते तिनं विचारलं नाही. मला त्याच क्षणी वाटलं, हिला कसं माहीत?

पहिली सीडी तिनं दिली ती सगळ्यात भारी म्हणून. महायुद्ध, पूर्ण युरोप, मधमाशीच्या पोळ्यासारख्या घरांचा नकाशा आणि त्यावर शेकडो बारके चौकोन, प्रत्येकावर चार-चार आकडे. सोबत खेळ कसा खेळायचा याची इंग्रजीतली जाड फाइल. मी क्लासच्या प्रिंटरवर पहिली काही पानं काढून आणली आणि शब्दकोश घेऊन बसले. तीन दिवसांत बाबांनी दोन चौकोन सरकवले. तिसऱ्या दिवशी त्यातला एक आपोआप नाहीसा झाला. "कुठं गेला?" बाबांनी विचारलं. मी फाइल चाळली, त्याला रसद पोचली नव्हती. "मले सांगतलं काहून नाई? आपलाच शिपाई उपाशी मरते आन् आपल्यालेच मालूम नाई, हे कोनतं युद्ध?" त्यांना ते सगळं रेशनच्या दुकानासारखं वाटत होतं, आकडे खूप, हातात काही नाही.

दुसरा खेळ त्याच्या उलट. चित्रं मोठी, रणगाडे खरेखुरे, आवाज असा की माय चुलीपासून धावत आली. पण त्यात कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. बाबांनी जाळ्याच्या दोरीनं कानाला बांधलेला चष्मा सारखा करेपर्यंत शत्रूनं छावणी पेटवली. माउस त्यांच्या हातात जिवंत बेडकासारखा उडायचा. चार डाव झाले, चारही चहा गार व्हायच्या आत संपले. "हा खेळ नाई," बाबा म्हणाले, "हे घराले लागलेली आग हाये. पानी टाकू का इचार करू?"

मी सीडी परत नेली तेव्हा सुनीता म्हणाली, "थांब, दोन दिवसांनी देतो." दोन दिवसांनी तिनं तिसरी सीडी दिली आणि देताना एक-एक गोष्ट सांगत गेली. यात फौज थोडीच आहे, आठ-दहा नग. आपण चाललो की मग कम्प्युटर चालतो, कितीही वेळ घ्या. शिपायाचं चित्र शिपायाचंच आहे, तोफेचं तोफेचंच, इंग्रजी वाचायची गरज नाही. डाव तासाभरात संपतो, आणि वीज जाणार असं वाटलं तर मधेच ठेवून उद्या तिथूनच सुरू करता येतो. "आन् चाल मागं घ्याचं बटन हाये, पन ते दाखवू नको," ती म्हणाली. "त्याईले नाई आवडनार."

मी सायकल घेऊन पुलावर आले आणि अर्ध्या पुलावर थांबले. बाबा वाघ-बकरीत चाल मागं घेत नसत, समोरच्यालाही घेऊ देत नसत, हे सुनीताला कोणी सांगितलं? आणि ती एवढी आपलेपणानं का करून राहिली? माझ्या डोक्यात आमच्या घरची चक्की सुरू झाली. सोसायटीची निवडणूक जवळ होती. आमच्या घरात काय चाललंय ते काढून घ्यायला तर नाही ना?

आज माझाच क्लास आहे, भंडाऱ्यात, आणि रिटायर झालेली माणसं येऊन संकोचानं विचारतात, मॅडम, एखादा सोपा लढाईचा खेळ सांगा, डोक्याला ताप नको पण डोकं लागलं पाहिजे. मी त्यांना सुनीतानं मला सांगितलं तेच सांगते. मी माझं म्हणून सांगते, हे इथं कबूल करते.

तिसरा खेळ बाबांना लागला. खाटेवर अर्धवट बसून, प्लास्टरच्या पायाखाली जाळ्याचं बोचकं देऊन ते एकेका चालीला इतका वेळ घेत की माय विचारायची, बंद पडला का तो? नकाशात आपला शिपाई जिथवर पोचला तेवढाच भाग दिसायचा, पुढं सगळं करडं धुकं. बाबांना ते धुकं फार पटलं. "बराबर हाये. समोरचा काय करून राहिला ते कोनाले दिसते?" पण आठवडाभरात ते कुरकुरायला लागले. कम्प्युटर चोर आहे. त्याला आपली फौज दिसते.

"बाबा, तो मशीन हाये. मशीन कायले चोरी करन?"

"मी झाडीत दोन तोफा लपवल्या. त्याचा एकही मानूस तिकडं आला नव्हता. मंग त्यानं पलटन थेट तिकडंच काहून वळवली?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी मायकडून चिंचोके मागून घेतले आणि दोन बारके डबे ठेवले. रोज तोफा वेगळ्या झाडीत लपवायच्या आणि शत्रू शोधत न फिरता सरळ तिथं आला की या डब्यात चिंचोका, नाही तर त्या डब्यात. दहा-बारा दिवसांनी एक डबा गळ्यापर्यंत भरला होता आणि दुसऱ्यात तळाला दोन चिंचोके होते. तेव्हा कुठं मी खेळाच्या आतल्या याद्या उघडून एकेक ओळ शब्दकोशात पाहत बसले. आणि सापडलं. पहिल्या दिवशी मला न कळता मी 'अवघड' या पातळीवर खूण केली होती, आणि त्या पातळीत शत्रूला सगळा नकाशा दिसायचा. धुकं फक्त आपल्यासाठी होतं.

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी मायला हाक मारली. मायचे हात मासोळीच्या खवल्यांनी भरलेले. "आयकलं का? मशीन चोर निंघाला. मी म्हनत होतो का नाई?" माय म्हणाली, "मशीनही चोर? वा, आता तेवढंच राहलं होतं," आणि परत गेली. बाबा मात्र दिवसभर खुशीत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांचा एखादा संशय पुराव्यासकट खरा ठरला होता.

मी ती खूण काढली. शत्रू आता आपल्यासारखाच आंधळा झाला. दुसऱ्या दिवशी बाबा खेळले आणि हरले. तिसऱ्या दिवशीही हरले. ते काळ्या झालेल्या पडद्याकडं पाहत राहिले. चोरी नसतानाही माणूस का हरतो, हे त्यांना कोणाला विचारता येईना.

याच सुमारास सीड्या कोण देतं हा प्रश्न निघाला. मी सांगून ठेवलं होतं, क्लासचे सर देतात. माय भाकरी थापता थापता विचारायची, "त्या सराचं लगन झालं का?" मी म्हणायचे, झालं. ती विचारायची, "त्याची बायको पाह्यली का तू?" आता सर नावाचा माणूसच नव्हता, तर बायको कुठून पाहणार? मी बायकोला मुलगा दिला, मुलाला बालवाडीत घातलं. बाबा हे ऐकत असत आणि काहीच बोलत नसत, आणि त्यांचं न बोलणं मला मायच्या प्रश्नांपेक्षा जड जायचं.

एक दिवस सुनीतानं मला फ्लॉपी दिली. त्या खेळात स्वतः नकाशा काढायची सोय होती, आणि तिनं एक काढला होता. "नवीन मैदान हाये," ती म्हणाली, "लावून दे." तोवर बाबांचं प्लास्टर कापलं होतं, काठी घेऊन घरातल्या घरात चालत होते. मी फ्लॉपी टाकली. पडद्यावर धुकं, आणि एका कोपऱ्यात बाबांची फौज. ते चालत गेले तसतसं धुकं सरत गेलं. रुंद नदी आली. नदीवर लांब पूल आला. पुलाच्या खालच्या अंगाला रेतीचं बेट आलं, बेटावर झाडांचा एकच पुंजका. बाबांचा माउसवरचा हात थांबला.

"हे वैनगंगा हाये," ते म्हणाले.

मला पटलं नाही. नद्या सगळ्या सारख्याच दिसतात. पुलावर शत्रूची तोफ बसली होती, तिकडून जाणं म्हणजे मरण. बाबांनी पुलाकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पायदळ उचललं आणि बेटापासून खाली, जिथं मला निव्वळ गडद निळं पाणी दिसत होतं तिथं नेलं. नकाशाची तीन घरं सरळ, मग एक वाकडं, मग परत सरळ. शिपाई पाण्यातून चालत गेले. जवळ गेल्यावर तिथलं पाणी फिकं झालं, म्हणजे तिथं ते उथळ होतं. सगळी फौज पलीकडच्या काठावर पोचली आणि बाबांनी डाव जिंकला. पडद्यावर झेंडे फडफडत होते. बाबांनी चष्मा काढला.

"हा पान्यातला उतार दोनच मानसाले मालूम हाये," ते म्हणाले. "एक मी." आणि माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात, "तुया सर कारध्याचा हाये का व, वंदू?"

मी सगळं सांगून टाकलं. सर नाही, बायको नाही, बालवाडीतलं पोर नाही. सुनीता आहे. मला वाटलं आता क्लास बंद, सायकल बंद. बाबांनी एवढंच म्हटलं, "उद्या मले घेऊन चाल."

दुसऱ्या दिवशी ते सायकलच्या कॅरिअरवर एका अंगानं बसले, काठी मांडीवर आडवी, आणि मी सायकल हातानं ढकलत पूल ओलांडला. ट्रक बाजूनं गेले की पूल हलायचा आणि बाबा माझ्या खांद्याला धरायचे. खाली ते बेट दिसत होतं. त्यांनी खाली पाहिलं नाही. मला सारखं वाटत होतं, ते आता क्लासमध्ये सगळ्यांसमोर तिला विचारतील, सभेत विचारलं होतं तसं. मी वाटेत दोनदा म्हणाले, बाबा, परत जाऊ. त्यांनी काठीनं पुढं खूण केली.

सुनीता फळ्यासमोर उभी होती. बाबांना दारात पाहून तिच्या हातातला खडू तसाच राहिला. "काका," ती म्हणाली. बाबांनी तिला खुणेनं बाहेर बोलावलं. जिन्याशी आम्ही तिघं उभे राहिलो.

"नकाशा तू काढला?"

"काढला मी. सांगतला माया बाबानं." तिनं खाली पाहत सांगितलं, "पयले दोन खेळ मीच देले, ते चुकले. मंग बाबानं इचारलं, कोनासाठी नेऊन राहिली वंदू? मी सांगतलं. तो म्हनला, सदूले घाईचा खेळ देऊ नको, त्याले इचार कराले वेळ लागते. फौज कमी असली पाह्यजे. आन् चाल मागं घेनं त्याले पटत नाई."

बाबांनी जिन्याचा कठडा धरला. "घरी हाये का तो?"

कवडूकाकांचं घर कारध्याच्या पार टोकाला, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर. सुनीता सुट्टी सांगून आमच्यासोबत निघाली. पूल संपताच बाबा कॅरिअरवरून उतरले आणि तिघंही पायी गेलो, सायकल मी नुसती धरून. काका अंगणात बसून जाळं दुरुस्त करत होते, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवलेला. बाबांना पाहून ते उठले नाहीत, उठायचं विसरले. मग म्हणाले, "बस."

"बसाले नाई आलो. इचाराले आलो." बाबा काठीवर सगळा भार देऊन उभे होते. "ते जाळं तुयंच होतं ना, कवडू?"

मी आणि सुनीता फाटकाशी. मला वाटलं काका पुन्हा तेच म्हणतील, माई नाई. त्यांनी अंगठ्यातला दोर सोडवला.

"होय," ते म्हणाले.

मग काका सांगत गेले. "सुनीताले पाहाले पाहुने आले होते. पंधरा मानसं. आठ दिवस नदीत काईच लागलं नव्हतं. आता आपल्या घरी पाहुन्याले बजारातली इकतची मासोळी वाढू? एकच टोपली काढली, सदू. वाटलं होतं, सभेच्या दिवशी सांगून देईन, माया वाट्यातून कापून घ्या म्हनून. पन तू आधीच तुकडा वर धरला."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

"तू सभेत इचारलं ना. घरी येऊन इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी सुनीताकडं पाहिलं. तिला माहीत नव्हतं. पाच वर्षं ती आपल्या बापावर खोटा आळ आला म्हणून आमच्या घराकडं न पाहता जात होती. तिनं फाटकाचा बांबू धरला. ते पाहुणे नकार देऊन गेले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

बाबा बसले. बसले म्हणजे काठीवरून घसरतच खाली आले आणि काकांनी त्यांना बगलेत धरलं. मग दोघं बराच वेळ बोलले ते त्या जाळ्याबद्दल, दोर पातळ आहे, कुठून आणला, टिकणार नाही. मला कळेना, आपण जिंकलो की काय झालं. बाबा पहिल्यापासून बरोबर होते. गाठ कवडूचीच होती. मशीनही चोरच होतं. 'संशयी सदू' म्हणून हसणारं अख्खं गाव चुकलं होतं, आणि आता त्यांना फक्त चारचौघांत तोंड उघडायचं बाकी होतं. घरी येताना मी सायकल ढकलत मनात वाक्यं जुळवत होते, कोणाकोणाला कसं सांगायचं. मायला पहिलं.

मायनं भात वाढला होता. आम्ही कुठं गेलो होतो ते तिला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. "काय म्हनला कवडू?" तिनं विचारलं.

बाबांनी भाताचा घास केला. "जाळं त्याचं नव्हतं," ते म्हणाले. "मीच गाठ पारखाले चुकलो."

मायचं पाच वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "म्या तवाच म्हनलं होतं! देवासारख्या मानसाले चोर ठरवलं तुमी. मले बजारात कोनी कोनी काय काय बोललं, सांगू का? पोरींची बोलाचाली बंद केली." ती बोलत राहिली, वरण वाढत राहिली, पुन्हा बोलत राहिली. बाबा मान खाली घालून जेवत होते. एकदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ठाऊक होती, सोसायटीचं बोलणं निघालं की कम्प्युटरवर टॉवेल टाकायला सांगणारी. मी तोंडात घास घातला आणि काही बोलले नाही. पुढं कित्येक वर्षं बोलले नाही. माय गेली, कवडूकाका गेले, बाबाही गेले. सुनीता आता अमरावतीला तिच्या मुलाकडं असते, आणि हे लिहू का म्हणून मी तिला आधी फोन केला. ती म्हणाली, लिही.

महिनाभरानं सोसायटीची सभा भरली, शाळेच्या पटांगणात. बायकाही मागं बसल्या होत्या, मीही होते. विषय संपत आले तसे बाबा काठी टेकून उभे राहिले. लोक कुजबुजले, आता कोणाचा नंबर? बाबा म्हणाले, "पाच वर्सांपयले म्या इथं कवडूवर आळ घेतला होता. तो खोटा होता." हशा झाला. कोणीतरी मागून म्हणालं, "संशयी सदू सुधरला रे!" कवडूकाका शेवटच्या रांगेत होते. ते अर्धे उठले, तोंड उघडलं. बाबांनी काठी त्यांच्याकडं रोखली.

"तू बस खाली, कवडू. माफी मी मांगून राहिलो."

काका बसले. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक शब्दाचा पुरावा मागितला, त्याची मी ऐकलेली ही एकच खोटी साक्ष. ती देताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.